सीडरच्या पट्ट्यांची कनू घरी बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेजमध्ये कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी, निमुळती होडी, बांधायला घेतली की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. इथे ऑन्टारिओतले मराठी शेजारी विचारतात, गणेशोत्सवात पंगतीला शेजारी बसलेले विचारतात, पुण्याहून काका व्हॉट्सॲपवर विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहिली आहेत. मापं फूट-इंचांत आहेत, कारण इथल्या लाकडाच्या वखारीत तीच चालतात. आणि जिथे सोयीचं वाटलं तिथे आपलं सूतही वापरलं आहे.

सीडर-स्ट्रिप कनू म्हणजे नेमकं काय?

दोन सूत, म्हणजे पाव इंच जाड आणि पाऊण इंच रुंद अशा सीडर नावाच्या हलक्या लाकडाच्या लांबलचक पट्ट्या फर्म्यांवर, म्हणजे होडीच्या आडव्या छेदांच्या आकारात कापलेल्या साच्यांवर, एकीला एक कडेने चिकटवत जायचं. होडीचा पूर्ण आकार तयार झाला की त्यावर बाहेरून आणि नंतर आतून फायबर ग्लासचं, म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड एपॉक्सीने बसवायचं. (एपॉक्सी म्हणजे राळ आणि ती घट्ट करणारा हार्डनर मिसळून बनणारा चिकट पदार्थ.) आत बरगड्या नसतात, खिळे नसतात.

मग ती टिकते कशावर? ताण घेतात ते काचेचे दोन थर. मधलं लाकूड त्या दोन थरांना एकमेकांपासून पाव इंचावर धरून ठेवतं, आणि त्या अंतरामुळेच कवच ताठ होतं. दिसायला ही लाकडाची होडी, पण खरं बळ कापड आणि एपॉक्सीचं. हे एकदा ध्यानात आलं की पुढची बरीच उत्तरं आपोआप उलगडतात.

ही पद्धत मूळची कुणाची?

कनू ही उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची. अनिशिनाबे आणि इतर समाजांची कनू भूर्ज वृक्षाच्या सालीची असायची. आत पांढऱ्या सीडरच्या बरगड्या, स्प्रूसच्या मुळ्यांची शिवण आणि सांध्यांवर झाडाचा डिंक. ज्याला नद्या, धबधबे आणि मधल्या पायवाटा पालथ्या घालायच्या आहेत त्याला खांद्यावर उचलता येईल अशीच होडी लागते, म्हणून वजन कमी ठेवण्याचा ध्यास तिथपासूनचा आहे.

एकोणिसाव्या शतकात ऑन्टारिओतल्या पीटरबरोच्या आसपास गोऱ्या कारागिरांनी तोच आकार फळ्यांमध्ये आणि नंतर अरुंद पट्ट्यांमध्ये उतरवला. पीटरबरो कनू कंपनीने पुढे या होड्या जगभर विकल्या. १९६१च्या सुमारास ती बंद पडली. आज आपण जी एपॉक्सीवाली पद्धत वापरतो ती दुसऱ्या महायुद्धानंतरची. फायबर ग्लास बाजारात सहज मिळू लागलं तेव्हा अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या कनू-शर्यतवाल्यांनी ते पातळ पट्ट्यांवर चढवून पाहिलं. घरगुती कारागिरांपर्यंत ती नीटनेटक्या रूपात पोचली ती ऑन्टारिओतल्या टेड मूर्स यांच्यासारख्या लोकांमुळे. त्यांचं १९८३ सालचं ‘कनूक्राफ्ट’ हे पुस्तक आजही बहुतेक गॅरेजांत एपॉक्सीचे डाग पडलेल्या अवस्थेत सापडतं.

पीटरबरोला कॅनेडियन कनू म्युझियम आहे, २०२४ पासून लिटल लेकच्या काठावरच्या नव्या इमारतीत. बांधायला घेण्याआधी एक दिवस तिथे घालवाच. सालीची, कॅनव्हासची आणि पट्ट्यांची होडी एकाच छताखाली बघितली की कुठली गोष्ट कशासाठी केली आहे ते कळतं.

मला सुतारकाम येत नाही. जमेल का?

जमेल. आणि हे धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही. एकेक पट्टी लवचिक असते, हाताने वळते, चुकली तर काढून दुसरी लावता येते. यात ना लाकडी साल-कुसवाचे सांधे आहेत, ना दार-खिडकीसारखा काटकोन.

लोक लाकडाला घाबरतात आणि एपॉक्सी-पॉलिशपेपरला किरकोळ समजतात. खरं पाहिलं तर उलट आहे. पट्ट्या लावणं हा या कामातला सर्वांत आनंदाचा आणि सर्वांत माफ करणारा भाग. होडी बिघडते ती आधी फर्मे नीट न लावल्यामुळे आणि नंतर घासायचा कंटाळा केल्यामुळे. पट्ट्या पूर्ण झाल्या की घरचे म्हणतात, “झालीच की!” त्या दिवशी काम जेमतेम निम्मं झालेलं असतं.

जागा किती लागते?

होडी १६ फूट, दोन्ही टोकांना फिरायला दोन-दोन फूट, बाजूंना रंधा मारायला कोपर हलेल इतकं. म्हणजे २० बाय १० ची जागा पुरते. एका गाडीच्या गॅरेजात भागतं, फक्त गाडी बाहेर जाते. कॅनडाच्या हिवाळ्यात घरात त्यावरून काय बोलणी बसतात ते आपापलं बघावं.

बेसमेंटमध्ये बांधणार असाल तर पहिल्याच दिवशी एक १६ फुटी पट्टी घेऊन जिना आणि दार यांतून बाहेर काढून दाखवा, तीही होडीच्या रुंदीचा, म्हणजे ३५ इंचांचा पुठ्ठा मधोमध बांधून. तळघरात अडकलेल्या होड्यांच्या गोष्टी इथे विनोद म्हणून सांगितल्या जातात, पण त्यांतल्या काही खऱ्या आहेत.

वेळ आणि पैसा?

पहिल्या होडीला दोनशे ते तीनशे तास धरा. शनिवार-रविवार करणाऱ्याला एक हिवाळा आणि वर थोडं. सामानाला साधारण दीड ते तीन हजार कॅनेडियन डॉलर. त्यात सगळ्यांत मोठा वाटा लाकडाचा असेल असं वाटतं, पण एपॉक्सी, कापड आणि व्हार्निश मिळून लाकडाला सहज मागे टाकतात. हत्यारं आणि शिकंजे वेगळे. शिकंजे कधीच पुरत नाहीत.

एवढ्या पैशांत चांगली जुनी कनू विकत मिळेल की!

मिळेल. फक्त तळ्यावर जायचं असेल तर तीच घ्या.

पहिल्यांदा कुठला आराखडा घ्यावा?

१६ फुटी प्रॉस्पेक्टर. हा आकार न्यू ब्रन्सविकमधल्या चेस्टनट कंपनीने प्रसिद्ध केला. दोन माणसं, सामान, वारा, नदी, सगळ्यांना पुरून उरतो, आणि त्याचे आराखडे अनेक ठिकाणी मिळतात. एक अडचण आहे: तळाला टोकांकडे बराच उठाव असल्यामुळे शेवटच्या पट्ट्यांना टोकाशी चांगलाच पीळ द्यावा लागतो. हात नवखा असेल आणि फिरणं शांत तळ्यापुरतंच असेल, तर तळाला कमी उठाव असलेला आकार निवडा. बांधायलाही सोपा आणि सरळही चालतो.

आराखडा पूर्ण मापाचा छापील घ्या. आकड्यांच्या तक्त्यावरून स्वतः रेषा काढण्यात मजा आहे, पण ती दुसऱ्या होडीसाठी ठेवा.

सीडरच का? सागवान जास्त टिकणार नाही का?

हिशेबच करून बघू. १६ फुटी कनूच्या कवचाचं क्षेत्रफळ साधारण ६ चौरस मीटर. पट्टीची जाडी ६ मिलिमीटर. म्हणजे लाकूड झालं ०.०३६ घनमीटर. वेस्टर्न रेड सीडरचा घनमीटर ३७० किलोच्या आसपास भरतो, तेव्हा कवचात १३ किलो लाकूड. सागाचा घनमीटर ६५० किलोच्या आसपास, म्हणजे २३ किलो. एपॉक्सी, कापड, काठ आणि बैठका दोन्हीकडे सारख्याच. सीडरची होडी २५ किलोच्या आत-बाहेर राहते, सागाची ३५ किलोची होते. ते जादा दहा किलो गाडीच्या टपावर चढवताना आणि दोन तळ्यांमधल्या पायवाटेवर खांद्यावर घेतल्यावर समजतात.

आणि टिकाऊपणाचं म्हणाल तर लाकडाला पाणी लागतच नाही. ते दोन्ही बाजूंनी एपॉक्सीत बंद असतं. सागाचा मोठा गुण इथे वापरलाच जात नाही. शिवाय साग तेलकट, त्यावर एपॉक्सी धरायला जास्त तयारी लागते.

वेस्टर्न रेड सीडर ब्रिटिश कोलंबियाचं. सरळ रेषांचं, लांब फळ्यांत मिळणारं, फिक्या पिवळ्यापासून कॉफी रंगापर्यंत. ऑन्टारिओतलं पांढरं सीडर त्याहून हलकं आणि वळायला सरस, पण गाठी जास्त आणि लांबी कमी. हिमालयातला देवदार वेगळ्याच कुळातला आणि बराच जड, तेव्हा नावावर जाऊ नका.

पट्ट्या विकत आणू की घरी कापू?

घरी कापल्या तर स्वस्त पडतात, पण भुसा मोजा. साध्या गोल करवतीचं पातं एक सूत लाकूड खातं. दोन सुताची पट्टी काढायला एक सूत भुसा, म्हणजे महागाच्या फळीचा तिसरा हिस्सा जमिनीवर. म्हणून पातळ पातंच लावा.

टेबल सॉवर १८ फुटी फळी ढकलायची तर पुढे १८ आणि मागे १८ फूट मोकळे लागतात, आणि पलीकडून फळी झेलणारा माणूसही. जागा नसेल तर फळी लाकडी घोड्यांवर पक्की बांधा आणि तिच्यावरून हातातली करवत मार्गदर्शक पट्टी लावून चालवा. काम हळू होतं, पण एकट्याने होतं.

मग राउटरवर, म्हणजे लाकडाच्या कडेला आकार देणाऱ्या यंत्रावर, प्रत्येक पट्टीच्या एका कडेला गोलाई आणि दुसऱ्या कडेला खोबण. गोलाई आधी, खोबण नंतर. खोबणीच्या दोन्ही कडा अतिशय नाजूक असतात. आधी खोबण केली तर गोलाईच्या फेरीत टेकूला दाबून त्या चुरतात. होडीवर लावताना खोबण वर ठेवायची म्हणजे सरस तिच्यात बसतो, ओघळत नाही. साधारण सत्तर पट्ट्या लागतात, दहा जास्तीच्या करा. पूर्ण लांबीचं लाकूड मिळालं नाही तर तिरका सांधा देऊन जोडा, उतार जाडीच्या आठपट.

ज्यांना राउटर नाही त्यांनी चौकोनी कडेच्या पट्ट्या घेऊन प्रत्येकीला रंध्याने जागच्या जागी तिरपी कड काढावी. जुने लोक तसंच करत. हात बसला की फटी दिसतही नाहीत, पण वेळ दुप्पट.

फळीतून निघालेल्या पट्ट्यांना निघाल्या क्रमाने नंबर टाका. शेजारी-शेजारी निघालेल्या दोन पट्ट्यांपैकी एक डावीकडे, एक उजवीकडे गेली की दोन्ही बाजूंचा रंग जुळतो. नंबर न टाकता ढीग केला की मग रंग जुळवत बसणं हे गहू निवडण्यासारखं काम.

फर्मे लावताना काय सांभाळायचं?

सगळं. इथे घालवलेला एक तास पुढे घासायचे दहा तास वाचवतो.

स्ट्राँगबॅक म्हणजे खालची लांब पेटीसारखी तुळई. ती सरळ आणि समपातळीत हवी. तिला कुठेही पीळ असेल तर होडीलाही तोच पीळ येईल आणि ती आयुष्यभर एका बाजूला ओढेल. तुळईवर मधोमध दोरी ताणून रेघ मारायची आणि दर १२ इंचांवर एक फर्मा उभा करायचा, उलटा, कारण होडी पालथी बांधली जाते. फर्म्यांना पाऊण इंची प्लाय किंवा पार्टिकल बोर्ड पुरतो.

आता बारकाईची गोष्ट. फर्म्याला स्वतःची पाऊण इंच जाडी असते आणि होडी टोकांकडे निमुळती होत जाते. त्यामुळे पट्टी फर्म्याला टेकते ती त्याच्या टोकाकडच्या कडेवर. मधल्या बाजूच्या कडेशी फट राहते. म्हणून आखलेल्या रेषेवर फर्म्याची टोकाकडची बाजू यायला हवी आणि त्याची जाडी होडीच्या मध्याकडे. मध्यावरच्या फर्म्यापासून ही दिशा दोन्हीकडे उलटी होते. हे विसरून सगळे फर्मे एकाच बाजूला लावले, तर अर्धी होडी किंचित फुगीर होते आणि कुणाला कळतही नाही की डोळ्याला काय खटकतंय.

सगळे उभे झाले की एक पातळ पट्टी सगळ्या फर्म्यांवरून आडवी धरा आणि टोकाशी बसून तिच्या रेषेत एक डोळा मिटून बघा. जिथे खळगा किंवा उंचवटा आहे तिथला फर्मा हलवा, घासा किंवा वर टेकू द्या. मग फर्म्यांच्या कडांवर पॅकिंगची टेप चिकटवा, नाहीतर होडी फर्म्यांना सरसाने कायमची बसेल. दोन्ही टोकांच्या नाळी, म्हणजे पट्ट्यांची टोकं जिथे मिळतात ते वळलेले तुकडे, अॅश या लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफवून किंवा थर चिकटवून वळवायच्या; आतली नाळ आधी बसते, बाहेरची पट्ट्या झाल्यावर.

स्टेपल मारायचे की नाही?

यावर इथले लोक जेवण थांबवून वाद घालतात. स्टेपलने पट्टी फर्म्याला पटकन धरली जाते, दिवसाला पट्ट्यांच्या पाच-सहा जोड्या होतात, सरस वाळला की स्टेपल उपटायचे. मागे दर फुटावर दोन-दोन बारीक छिद्रांची ओळ राहते. पाणी मारलं की लाकूड फुगून ती लहान होतात, पण नाहीशी होत नाहीत. स्टेपल नको तर शिकंजे, रबरी दोऱ्या आणि फर्म्यांवर अडकवायचे लाकडी आकडे. दिवसाला एक-दोन जोड्या होतील.

माझं मत: पहिल्या होडीला स्टेपल मारा. ओळीत आणि सारख्या अंतरावर मारलेली छिद्रं खुपत नाहीत. वाकडीतिकडी खुपतात.

सरस साधा पिवळा सुतारी. ओघळलेला तेव्हाच ओल्या फडक्याने पुसा, कारण वाळलेल्या सरसाखाली लाकूड रंग बदलतं आणि एपॉक्सी चढल्यावर तो डाग उठून दिसतो.

तळाचा मधला भाग बंद कसा करायचा?

दोन्ही बाजूंच्या पट्ट्या वर चढत तळाशी भेटतात तेव्हा मध्ये एक लांबट जागा उरते. आधी एका बाजूच्या पट्ट्या मध्यरेषेपलीकडे जाऊ द्या, मग दोरीने रेघ मारून त्या सरळ कापा, मग दुसऱ्या बाजूची एकेक पट्टी निमुळती छाटून बसवा. शेवटची पट्टी दोन्ही टोकांना टोकदार असते. ती बसवायला निवांत दुपार ठेवा.

घासायचं किती?

आधी रंधा आणि स्पोकशेव्ह, म्हणजे दोन हातांनी धरून वळणांवर चालवायचा छोटा रंधा. पट्ट्यांच्या सगळ्या कडा सपाट करायला मशीन लावू नका. सीडर मऊ असल्यामुळे मशीन मऊ रेषा खातं आणि कठीण रेषा उंच ठेवतं. रंधा झाल्यावर लांब लवचिक फळीला ८० नंबरचा पॉलिशपेपर लावून तिरपं घासा. शेवटी १२० नंबर. तळहात डोळ्यांपेक्षा हुशार असतो: डोळे मिटून कवचावरून हात फिरवा, उंचवटा लगेच सापडतो.

मग सगळी होडी ओल्या फडक्याने पुसा. दबलेल्या जागा फुगून वर येतात, सरसाचे डाग दिसतात, आणि एपॉक्सीनंतर लाकडाचा रंग कसा खुलणार याची झलकही मिळते. वाळली की पुन्हा एकदा १२०.

एपॉक्सीला सगळे एवढं का घाबरवतात?

कारण तो परत काढता येत नाही. पण घाबरण्यापेक्षा त्याचे स्वभाव कळून घ्या.

पहिला स्वभाव प्रमाणाचा. एका कंपनीचा राळेला हार्डनर पाचास एक, दुसरीचा तिनास एक, तिसरीचा दोनास एक. काही मापं आकारमानाने, काही वजनाने. डब्यावर लिहिलंय तेच पाळायचं. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवला तर तो लवकर वाळत नाही, चिकट राहतो आणि कधीच वाळत नाही. वेग बदलायचा तर हार्डनरची जातच बदलायची, जलद किंवा मंद. दोन मिनिटं ढवळा, भांड्याचा तळ आणि कडा खरवडून.

दुसरा स्वभाव उष्णतेचा. घट्ट होताना एपॉक्सी स्वतः तापतो. मग्गाभर मिश्रण एका भांड्यात ठेवलं तर काही मिनिटांत वाफ आणि धूर निघून दगड होतो. पाव लिटरच्या आत मिश्रण करा आणि केलं की लगेच होडीवर ओता. पसरलेल्या थरात उष्णता उडून जाते.

तिसरा स्वभाव लाकडाचा. लाकडाच्या छिद्रांत हवा असते. गॅरेज तापत असताना ती प्रसरण पावून बाहेर येते आणि कापडाखाली बुडबुडे होतात. म्हणून गॅरेज आधी २४-२५ अंशांपर्यंत तापवा, हीटर बंद करा आणि तापमान उतरायला लागलं की कापड भिजवायला घ्या. उतरत्या तापमानात लाकूड हवा आत ओढतं आणि सोबत एपॉक्सीही. ही एक गोष्ट पाळली तर निम्मी डोकेदुखी जाते.

सहा औंसाचं, म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅमचं कापड कोरडंच होडीवर पसरा, ब्रशने सुरकुत्या बाहेर काढा. मधोमध एपॉक्सी ओता आणि रबरी पट्टीने बाहेरच्या दिशेला ओढा. पांढरं कापड भिजलं की पारदर्शक होतं आणि खालचं लाकूड एकदम उजळतं. बघायला आलेले लोक हमखास याच क्षणी फोटो काढतात आणि तुमच्या हातातलं मिश्रण तापत असतं. जास्तीचा एपॉक्सी निर्दयपणे ओढून काढा. कापड त्यावर तरंगलं तर पुढे घासताना कापडच कापलं जातं. पहिल्या थरानंतर कापडाची वीण हाताला जाणवली पाहिजे.

पहिला थर घट्ट पण अजून चिकट असतानाच दुसरा, आणि तसाच तिसरा. या वेळेत केलं तर मध्ये घासावं लागत नाही, थर एकमेकांना रासायनिकरीत्या धरतात. म्हणजे सकाळी कापड पसरून ठेवायचं, दुपारी सुरुवात आणि मध्यरात्रीपर्यंत जागरण. डबा भरून घ्या.

पूर्ण वाळल्यावर काही एपॉक्सींवर मेणचट साय येते. ती साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, आधीच घासलीत तर पॉलिशपेपर भरून जातो आणि मेण खाली दाबलं जातं. नंतर चमक जाईपर्यंत घासा. घासताना कापडाच्या विणीचे चौकोन चमकू लागले तर तिथे लगेच थांबा.

आतली बाजू बाहेरच्यासारखीच ना?

नाही, जास्त त्रासाची. फर्म्यांवरून होडी उतरवली की ती लुळी वाटते, दाबली तर हलते. घाबरू नका, आतलं कापड बसलं की ताठ होते. तोवर तिला तिच्या रुंदीवर धरून ठेवायला आडव्या काठ्या लावा. खोलगट भागात रंधा चालत नाही, वाकडी खरवडणी लागते. टोकाच्या अरुंद जागेत कापड खाली टेकत नाही, पूल करून राहतं. आतल्या नाळीजवळ एपॉक्सी आणि लाकडाच्या पिठाची पुटी भरून गोलाई द्या म्हणजे बसतं. आतून दोनच थर द्या. वीण थोडी जाणवलेली बरी, ओल्या पायाने घसरायला होत नाही.

तब्येतीला धोका आहे का?

आहे, आणि यात चालढकल नको. वेस्टर्न रेड सीडरच्या भुश्यात प्लिकॅटिक अॅसिड असतं; लाकूड-कारखान्यांतल्या कामगारांना त्याने दमा झाल्याचं वैद्यकशास्त्रात नीट नोंदलेलं आहे. रुमाल बांधून भागत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, आणि मशीनला व्हॅक्यूम.

एपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू जडते. अनेकदा काहीच होत नाही, मग एके दिवशी पुरळ येतं आणि त्यानंतर आयुष्यभर येतच राहतं. नायट्रिलचे हातमोजे, लांब बाह्या. कातडीला लागलं तर साबण-पाणी. थिनर किंवा ॲसिटोनने हात पुसू नका, ते एपॉक्सीला कातडीत आणखी आत नेतं. अर्धवट वाळलेला एपॉक्सी घासायला घेणं हा सर्वांत वाईट प्रकार.

काठांना जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाचे बोळे गोळा करून टाकू नका. ते आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

एपॉक्सी एवढा चकचकीत असताना वर व्हार्निश कशाला?

एपॉक्सी पाण्याला दाद देत नाही, पण उन्हापुढे हरतो. अतिनील किरणांनी तो पिवळा पडतो, मग पांढुरका, मग कापडापासून सुटतो. अतिनील-रोधक सागरी व्हार्निशचे किमान तीन पातळ हात, प्रत्येक हाताआधी हलकं घासून.

काठ, बैठका, मधली दांडी?

वरच्या काठाला गनेल म्हणतात. अॅश किंवा चेरीच्या पट्ट्या आतून-बाहेरून लावून स्क्रूने आवळायच्या. आतल्या पट्टीला दर काही इंचांवर खाचा ठेवा, होडी पालथी केली की पाणी निथळून जातं आणि सामान बांधायलाही सोय होते. बैठका वेताच्या किंवा पट्टीच्या विणीच्या. मधल्या आडव्या दांडीला खांद्यांसाठी खोलगट जागा कोरलेली असते, एक प्रकारचं जूच. ते टेपने मोजून होडीच्या मध्यावर बसवू नका. बैठका लावून झाल्यावर होडी उचलून तोल कुठे येतो ते बघा आणि तिथे लावा, पुढचं टोक किंचित वर राहील असं.

हे पुण्यात किंवा कोकणात करता येईल का?

करता येईल, पण लाकूड आणि हवा दोन्ही वेगळी धरा. आयात सीडर परवडणार नाही. पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये गाठी नसलेला आयात पाइन शोधता येईल. देशी लाकडांत माझा कल शिवणीकडे, हलकी आहे आणि वाळल्यावर फारशी वाकडी होत नाही. वजन सीडरपेक्षा जास्त भरेल ते मान्य करा. काठांना मात्र साग खुशाल वापरा, तिथे तो शोभतो.

दुकानदार फायबरच्या कामासाठी जीपी रेझिन देईल, म्हणजे पॉलिएस्टर. स्वस्त आहे, पण लाकडाला एपॉक्सीसारखा धरत नाही. एपॉक्सीच मागा, मंद हार्डनरचा. पावसाळ्यात हे काम काढूच नका. दमट हवेत साय येते आणि लाकूड फुगलेलं असतं. उन्हाळ्यात संध्याकाळी करा, सकाळी नको. सकाळी तापमान चढत असतं, आणि चढत्या तापमानाचं काय होतं ते वर सांगितलंच.

खरं सांगायचं तर तिथे पहिली होडी आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायची, तुकडे तारेने शिवून सांध्यांवर एपॉक्सी भरलेली बांधा. हत्यारं कमी लागतात आणि माल कुठेही मिळतो. उघडी कनू खाडीच्या आत, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून चालवा. समुद्रात नको.

परवाना लागतो का?

कॅनडात वल्ह्याने चालणाऱ्या कनूला चालक-कार्ड लागत नाही. मोटर लावलीत तर लागतं. प्रत्येकाला मापाचं लाइफजॅकेट, किमान १५ मीटरची तरंगती फेक-दोरी आणि शिट्टी होडीत हवी, अंधारात दिवाही. नियम सुधारत असतात, तेव्हा दर मोसमाला ट्रान्सपोर्ट कॅनडाची यादी बघा. मे महिन्यात ऊन छान असतं आणि पाणी जीवघेणं गार, म्हणून जॅकेट अंगात हवं, बैठकीखाली नव्हे.

दगडावर घासली तर?

ओरखडा व्हार्निशपुरता असेल तर हंगामाअखेरी व्हार्निश. कापड कापून लाकूड दिसलं तर होडी घरी आणा, पूर्ण वाळू द्या, आजूबाजूचं घासून कापडाचं ठिगळ एपॉक्सीने बसवा. ओलं असताना बंद केलंत तर पाणी आत कोंडून लाकूड काळं पडतं. एरवी होडी सावलीत, पालथी, जमिनीपासून उचलून ठेवा. ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळू नका.

उरलेल्या पट्ट्यांचं काय करायचं?

वल्हं. सीडर आणि अॅशच्या पट्ट्या आलटून-पालटून चिकटवल्या की दांडा आणि पातं दोन्ही निघतात. पात्याच्या टोकाला कापड-एपॉक्सीची कड द्या, नाहीतर सीडर दगडावर फुटतं. भुसा बागेत वाटांवर टाका, पण घरात हॅमस्टर किंवा ससा असेल तर त्याच्या पिंजऱ्यात अंथरू नका.